वसतिगृहातल्या खोल्या चिठ्ठ्या टाकून द्याव्यात का?

खडूफळा
पुण्यातल्या अनेक वसतिगृहांत लातूर-नांदेडची मुलं एका मजल्यावर, आसाम-मणिपूरची दुसऱ्यावर आणि परदेशी विद्यार्थी थेट वेगळ्या इमारतीत राहतात. मग फेब्रुवारीत एका कार्यक्रमात पेहराव, स्टॉल, फोटो, झाली विविधता! ओळख रोजच्या शेजारातून होते: पंखा किती वर ठेवायचा, दिवा कधी मालवायचा, घरून आलेली चटणी कोणाकोणाला द्यायची. म्हणून तिघांच्या खोलीत एका जिल्ह्याचे दोघे नकोत, वाटप चिठ्ठ्यांनी व्हावं आणि खोली बदलायचा अर्ज दोन महिने घेऊ नये. १९७१ साली शां. ब. मुजुमदारांनी सिम्बायोसिस काढली ती परदेशी आणि इथली मुलं एकत्र यावीत म्हणूनच.

मधली_सुट्टी
अजिबात पटत नाही. नंदुरबारहून मराठी माध्यमातून आलेल्या मुलाचा विचार करा. वर्गात इंग्रजी, खोलीत हिंदी. मनातलं बोलायला दिवसभर कोणी नाही. असं एकटं पडलेलं मूल दिवाळीला घरी गेलं की परत यायला नको म्हणतं. तुम्ही जो मोडायला निघालात, तोच मजला त्याला महाडीबीटीचा (सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलचा) अर्ज भरून देतो, बँक खात्याला आधार जोडलं नसेल तर शिष्यवृत्ती अडकेल हे वेळेत सांगतो. हा आधार काढून घ्यायचा आणि त्याला विविधता म्हणायचं?

खडूफळा
एकटं पाडू नये हे मान्य. मग चौघांची खोली करा आणि एकाच भागातल्या दोन-दोनच्या जोड्या घाला. प्रकल्पाच्या गटांतही हेच हवं. चौघांत एकच मराठी माध्यमाचा असला की त्याच्याकडे प्रिंट काढणं आणि फाइल लावणं येतं. दोघे असले की ते एकमेकांशी बोलत विषयात शिरतात. शिवाय तोंडी परीक्षेत प्रत्येकाला दुसऱ्याने केलेल्या भागावर प्रश्न विचारा, म्हणजे कामाची वाटणी आपोआप सुधारते.

खानावळ
मेसकडे दोघांचंही लक्ष नाही. रमजानमध्ये सहरी, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीचं खाणं, पहाटे; मेस उघडते सातला. रात्रीच पोळी-भाजीचा डबा भरून द्यायचा, फ्रिज आणि गरम करायची सोय खुली ठेवायची. जादा स्वयंपाकी लागत नाही. दिवाळीत मेस बंद ठेवतात तेव्हा ईशान्येकडची मुलं इथेच असतात, कारण रेल्वेने जाण्यायेण्यातच चार-पाच दिवस जातात. परदेशी विद्यार्थ्यांची वेगळी इमारत कार्यालयाच्या सोयीची. १८० दिवसांपेक्षा मोठ्या व्हिसावर आलेल्यांची सरकारकडे नोंदणी १४ दिवसांत करायची आणि राहण्याचा दाखला जोडायचा, हे काम एका खिडकीवर होतं. त्यासाठी वेगळी इमारत कशाला?

मधली_सुट्टी
जोड्या चालतील. दोन महिन्यांची अट मात्र काढाच. जातीवरून, प्रांतावरून टोमणे सुरू झाले तर मुलाने साठ दिवस तिथे झोपायचं का? अशा तक्रारीवर त्याच दिवशी निर्णय हवा. आणि खोली त्रास देणाऱ्याने सोडायची. आज बहुतेक ठिकाणी तक्रार करणाऱ्यालाच गादी उचलायला लावतात, म्हणून पुढचा कोणी तोंड उघडत नाही.