अफगाण चर्चचा जीर्णोद्धार: केवळ इमारतीचा की स्मृतीचाही?

धागाकर्ता: कुलाब्याचे सेंट जॉन चर्च, म्हणजेच आपल्या सर्वांच्या ओळखीचे अफगाण चर्च, १८५८ मध्ये उपासनेसाठी खुले झाले आणि त्याचा उंच मनोरा १८६५ मध्ये पूर्ण झाला. पहिल्या अफगाण युद्धात व सिंधच्या मोहिमेत मृत्यू पावलेल्यांचे हे स्मारक आहे. मात्र तेथील स्मृतिलेखच सांगतो की भिंतीवर नावे आहेत ती अधिकाऱ्यांची, साधे सैनिक इतके मेले की त्यांची नावे नोंदवणे शक्य झाले नाही. या मोहिमांत ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्कराच्या देशी पलटणीही होत्या आणि त्या लष्करात कोकणातून मोठी भरती होत असे. जीर्णोद्धार करताना त्या शिपायांविषयी मराठीत एक माहितीफलक आवारात लावलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १: मी असहमत आहे. समुद्रावरची खारी हवा आणि मुंबईचा पाऊस यांच्यापुढे चर्चच्या भिंतींचा कुर्ल्याचा दगड आधीच झिजतो, आणि अशा जुन्या भिंतींच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, सिमेंटने भरल्या की आतली ओल बाहेर पडू शकत नाही व दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. त्या दरजा खरवडून पुन्हा चुन्याने भरणे, छताची गळती थांबवणे, रंगीत काचांच्या खिडक्या सांभाळणे ही कामे खर्चिक आणि न संपणारी आहेत. आधी तीच व्हायला हवीत; फलक लावून स्मारकात आपल्या काळाची भर घालणे हे जतन नव्हे.

प्रतिसाद २: मला जीर्णोद्धाराचा मूळ खर्चच पटत नाही. कंपनीने अफगाणिस्तानावर लादलेल्या युद्धाचे हे स्मारक आहे. जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून माघार घेताना बर्फात हजारो हिंदी शिपाई व बाजारबुणगे मेले, त्यांची आठवण राज्यकर्त्यांच्या चर्चमधून कशासाठी जपायची?

धागाकर्ता: हे चर्च केवळ राज्यकर्त्यांचे नाही. मनोऱ्यासाठी कावसजी जहांगीर या पारशी दानशूराने मोठी देणगी दिली होती, आणि येथे आजही भारतीय ख्रिस्ती उपासना करतात. ते पडू दिले, तर बिननावाच्या सैनिकांची कबुली देणारा तो लेखही जाईल. प्रतिसाद १ मधील चुन्याचा आग्रह मला पूर्ण मान्य आहे. माझा फलक भिंतीला स्पर्शही करणार नाही, तो फाटकाजवळ उभा राहील.

प्रतिसाद १: फाटकाजवळ असेल तर माझी हरकत नाही, परंतु आधी गळती थांबू द्या.