बारावीनंतर बीबीए: शिक्षण की नुसता कोट-टाय?

डिचोलीची आई
लेक कॉमर्समधून बारावी झाली. तिला बीबीए (व्यवस्थापनाची पदवी) करायचंय, तेही पणजीला. घरचे म्हणतात, इथेच जवळपास बी.कॉम. कर. बाजारात आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. चौकशी केली तर बीबीएची फी बी.कॉम.च्या चौपट निघाली. एवढे पैसे घालण्यासारखं त्यात काय आहे? स्पष्ट लिहा.

फोंडेकर
स्पष्टच लिहितो ताई, काही नाही. एमबीएसाठी आधी बीबीए लागतं, हा गैरसमज. कॅट, म्हणजे एमबीएची प्रवेश परीक्षा, कुठल्याही शाखेचा पदवीधर देतो, खुल्या गटाला पदवीला ५० टक्के पुरतात. साखळीच्या गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमध्ये डोकावलात तर इंजिनिअर भरपूर भेटतील. ज्याने आयुष्यात कोणाला पगार दिलेला नाही, त्याला अठराव्या वर्षी मनुष्यबळ व्यवस्थापन शिकवून काय होणार? अकाउंट्स पक्कं करू दे. बँक, सीए, सरकारी परीक्षा, सगळीकडे तेच कामाला येतं.

ट्रकवाल्याचा पोर
फोंडेकर बाब, अकाउंट्सचं मान्य, बाकीचं नाही. आमचे खनिजाचे तीन ट्रक होते. १६ मार्च २०१८ पासून खाणी बंद पडल्या, बँकेचे हप्ते मात्र चालूच. बाबांची वही चोख असायची हो, पैशापैशाचा हिशेब. पण सगळा धंदा एकाच गिऱ्हाइकावर उभा आहे, हे वहीत कुठे दिसतं?
मी नंतर बीबीए केलं. दुसऱ्या वर्षी प्रोजेक्टसाठी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात फिरलो. माल कुठून आणता, उधारी किती दिवसांची, एवढंच विचारायचं. (निम्म्यांनी हाकलून दिलं, तो भाग वेगळा.) एक मिरच्या विकणारी मावशी म्हणाली, "घाऊकवाल्याला पंधरा दिवसांनी देते, गिऱ्हाइकाकडून रोख घेते, मधल्या पैशांत आणखी माल भरते." वर्किंग कॅपिटलचा, म्हणजे खेळत्या भांडवलाचा धडा मला तिथे कळला, वर्गात नुसता पाठ झाला होता. आज वेर्ण्याला एका कंपनीत खरेदी विभागात आहे आणि रोज तेच काम करतो.

फोंडेकर
म्हणजे शिकवलं मावशीने, फी घेतली कॉलेजने!

ट्रकवाल्याचा पोर
मावशीकडे पाठवलं कॉलेजनेच ना? माझ्या बी.कॉम.वाल्या मित्राला तीन वर्षांत कोणी बाजारात पाठवलं नाही.

मडगावची
मी मुलाखती घेते. दोघेही छळतात. बीबीएवाला झकास स्लाइड्स दाखवतो, पण साडेअकरा हजारांच्या मालावर १८ टक्के जीएसटी किती म्हटलं की मोबाइल काढतो. बी.कॉम.वाला २०७० पटकन सांगतो, पण गिऱ्हाइकाला फोन लाव म्हटलं की घाम फुटतो.
ताई, दोन गोष्टी बघा. २०२४-२५ पासून बीबीएला एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) मान्यता लागते, ती आहे का ते विचारा. आणि नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष ऑनर्सचं. फी किती वर्षांची धरायची, ते आधीच ठरवा. आयआयएम इंदूरचा बारावीनंतरचा पाच वर्षांचा कोर्स २०११ पासून आहे, पण त्याला वेगळी प्रवेश परीक्षा.

डिचोलीची आई
सगळं लेकीला वाचायला दिलं. तिने जेवताना विचारलं, "पप्पा, आपली सिमेंटची उधारी सरासरी किती दिवसांनी वसूल होते?" त्यांना सांगता येईना. घरात सध्या शांतता आहे.

फोंडेकर
वहीच्या पानांचे फोटो पाठवा, नावं झाकून. मी काढून देतो.

ट्रकवाल्याचा पोर
तुम्ही नको बाब, तिलाच काढू दे.