लॅपटॉप गुरुवारपासून अचानक स्लो, फॉरमॅट मारायचा का?

निफाडची_लेक
नमस्कार, जरा अर्जंट आहे. माझा लॅपटॉप सहा वर्षं जुना, आय५ आठवी जनरेशन, ८ जीबी रॅम, २५६ ची एसएसडी, विंडोज १०. कधीच त्रास दिला नाही. पण मागच्या गुरुवारपासून एवढा स्लो झालाय की टॅली उघडायला पाच मिनिटं लागतात, टाईप केलेलं अक्षर दोन सेकंदांनी दिसतं, माऊस पण अडकत अडकत चालतो. आमच्याकडे द्राक्षाची काढणी चालूये आणि घरच्या आणि आजूबाजूच्या आठ-दहा बागांचे वजनाचे, मजुरीचे, औषधांच्या बिलांचे सगळे हिशोब याच्यावरच आहेत, रोज संध्याकाळी व्यापाऱ्याशी आकडे जुळवावे लागतात. टेम्प फाईल्स उडवल्या, अँटीव्हायरसचं फुल स्कॅन रात्रभर लावलं, काही सापडलं नाही. नाशिकला एम.जी. रोडवर एका दुकानात नेला तर न तपासताच म्हणाले फॉरमॅट मारा आणि रॅम वाढवा, साडेचार हजार. पैसे घालायला ना नाही, पण खरंच त्याने सुटेल का?

सिडकोकर
ताई आधी सी ड्राईव्ह किती भरलाय बघा, एसएसडी गच्च भरली की स्लो होते, थोडी तरी रिकामी पाहिजे. स्टार्टअपमधलं नको ते बंद करा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, ११ टाकून बघा.

जेलरोडवाला
सपोर्ट संपला म्हणजे सिक्युरिटीचे अपडेट बंद झाले, त्याचं पुढे बघावंच लागेल, पण त्याने लॅपटॉप एका दिवसात असा बसत नाही. एका दिवसात बसला म्हणजे त्या दिवशी काहीतरी घडलंय. फॉरमॅट अजिबात मारू नका, आणि टॅलीचा डेटा आजच्या आज पेनड्राईव्हवर घ्या, काही करायच्या आधी हे.
मग कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, परफॉर्मन्समध्ये जा. सीपीयू, मेमरी, डिस्कचे टक्के सांगा आणि सीपीयूच्या खाली स्पीड लिहिलेला असतो तो पण सांगा.

निफाडची_लेक
डेटा घेतला. सी ड्राईव्हला ९० जीबी रिकामे आहेत. सीपीयू १००, मेमरी ५८, डिस्क २-३ टक्के. स्पीड ०.३९ गिगाहर्ट्झ, तो हलतच नाही.

सातपूर_एमआयडीसी
धूळ असेल. माझा असाच झाला होता, फॅनच्या जाळीत कापसासारखा थर बसलेला, गरम झाला की प्रोसेसर स्वतःच स्पीड कमी करतो. खोलून साफ केला, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली, सुटला.

जेलरोडवाला
दादा, धुळीचं असतं तर स्पीड वर-खाली झाला असता, थंड असताना सुरुवातीला बरा चालला असता. हा एकाच आकड्यावर अडकलाय. आठव्या जनरेशनचा आय५ काही काम नसताना एवढा खाली येतो, पण १०० टक्के लोड असताना ०.३९ म्हणजे कोणीतरी त्याला ब्रेक लावून ठेवलाय. मेमरी ५८ वर आहे म्हणजे रॅम टाकून पण काही होणार नाही. ताई, गुरुवारी चार्जर बदललात का? बॅटरी चार्ज होतेय का?

निफाडची_लेक
हो!! बुधवारी रात्री लाईट खूप वर-खाली होत होती, त्यात अ‍ॅडॉप्टर जळाला. भावाने गुरुवारी दुसरा आणला, साधा, कंपनीचा नाही. पिन बसते, लाईट पण लागते. बॅटरी ४१ च्या वर जातच नाही, मला वाटलं जुनी झाली. आणि चालू करताना काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी येतं, मी एंटर मारून पुढे जाते.

जेलरोडवाला
तो मेसेज वाचा, अ‍ॅडॉप्टर ओळखता येत नाही असंच काहीतरी असणार. काही कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये चार्जरच्या पिनच्या मधोमध बारीक सुई असते, त्यातून लॅपटॉपला कळतं की अ‍ॅडॉप्टर किती वॉटचा आहे. ते कळलं नाही की तो बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसर पण दाबून ठेवतो, म्हणजे जास्त करंट खेचला जाऊ नये. आत्ता चार्जर काढा, बॅटरीवर चालवा आणि स्पीड बघा.

निफाडची_लेक
काढल्या काढल्या २.७ झाला! टॅली लगेच उघडली, माऊस पण नीट चालतोय. मेसेज पण तुम्ही म्हणालात तोच आहे. चार दिवस रात्री एक-एक वाजेपर्यंत बसत होते हो मी, खूप खूप आभार.

जेलरोडवाला
छान झालं. आता जळालेल्या अ‍ॅडॉप्टरवरचं लेबल बघा, १९.५ व्होल्ट ३.३४ अँपियर असं काही असेल, गुणाकार केला की ६५ वॉट येतात, नवा तेवढाच किंवा जास्त वॉटचा पाहिजे, व्होल्ट मात्र तेच पाहिजेत. सर्व्हिस सेंटरमधून कंपनीचाच घ्या आणि जळालेला दाखवायला सोबत न्या. नव्याने पण मेसेज आला तर लॅपटॉपचा चार्जिंगचा सॉकेट तपासावा लागेल, कधीकधी त्या झटक्यात तोही जातो. आणि घरी प्लगला एक स्पाईक गार्ड लावा.

निफाडची_लेक
लेबलवर ६५ वॉटच आहे, भावाने आणलेला ४५ चा निघाला. उद्या नाशिकला कॅनडा कॉर्नरच्या सर्व्हिस सेंटरला जातेय, बसवला की सांगते. आज ४१ टक्क्यांत संध्याकाळचा हिशोब उरकून घेते.