स्टेशनसमोरच्या जुन्या हॉटेलात म्हणे लॉर्ड मेयो झोपला होता!

दारव्ह्याचा पोट्टा: कोणीतरी काल पोस्ट टाकली की स्टेशनसमोरचं जुनं कौलारू हॉटेल पाडू नका, १८७० साली इंग्रजांचा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो तिथं मुक्कामाले होता. अरे राजेहो, मेयो आला होता खामगावले, जलंब-खामगाव रेल्वेच्या उद्घाटनाले! आपली शकुंतला, म्हणजे यवतमाळ-मुर्तिजापूरची छोटी रेल्वे, १९०३ ची. स्टेशनच नव्हतं तं स्टेशनसमोरचं हॉटेल कुठून येईन? किलिक निक्सन या इंग्रज कंपनीवाल्यानं लाईन टाकली कापसासाठी, गठाणी चालल्या मुर्तिजापूरले, दलाल-अडते रातच्याले अडकून पडत, त्याईच्या भाकरीसाठी असे हॉटेलं झाले. खोटा साहेब घुसवून खऱ्याचीही माती करू नका.

आठवणीतलं गाव: पोस्ट माझीच आहे. साल चुकलं असेल, पण आजोबांनी स्वतः सांगितलंय.

दारव्ह्याचा पोट्टा: आजोबा होते का १८७० मधे?

आठवणीतलं गाव: वडीलधाऱ्यांवर जाऊ नका, सांगून ठेवतो.

तर्रीबाज: झोपायचं ते लॉज, हॉटेल म्हणजे आलूबोंडा-तर्री! तिथली तर्री खाल्ली का कोणी? पाच मिनिटं कानातून धूर.

वर्ध्याची लेक: भाऊ, तुमच्याकडच्या तर्रीत हरभरे शोधा लागतात. नुसतं लाल पाणी.

तर्रीबाज: ताई, तुम्ही त्याच्यात शेव टाकून खाता, तुम्ही तं बोलूच नका.

मागचं दार: चालू द्या तर्री. माझा बाप त्या हॉटेलच्या मागून चहा प्यायचा, उभ्यानं. खिडकीखाली कोनाडा होता, त्यात कान तुटलेले चार कप. पिऊन झालं की सोताच धुवायचा अन् पालथा ठेवायचा, चहा वरतून ओतत, पैसे दगडावर ठेवा लागत. अस्पृश्यतेचा कायदा १९५५ ले आला, कप त्याच्यानंतरही तिथंच. मी बोट धरून उभा राहात होतो, मले जिलबी पुडीत फेकून दिली होती, ते अजून आठवते.

तर्रीबाज: घ्या, आता इथंही जात आणली.

मागचं दार: मी कायले आणीन बावा? कोनाड्यात ठेवलेलीच होती.

वर्ध्याची लेक: तर्रीबाज, आता गप बसा.

आठवणीतलं गाव: कोनाडा पाहिलाय मी. लहानपणी वाटायचं कंदिलासाठी आहे. मेयो काढतो पोस्टमधून, झालं समाधान?

मागचं दार: मेयो राहू द्या नाहीतर काढा. डागडुजी केली तं कोनाडा बुजवू नका म्हणजे झालं.

तर्रीबाज: पण हरभरे असतात आमच्या तर्रीत.