लो व्हिजन आहे, रायटर नकोय, फक्त वेळ हवाय. मिळतो का?

टीवायवाली:
नमस्कार मंडळी. मी टीवाय बीकॉमला आहे, कॉलेज अनुदानित आहे, नाव नाही लिहीत. मला लो व्हिजन आहे, यूडीआयडी कार्डवर (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) ५० टक्के लिहिलंय. बारावीपर्यंत रायटर घेतला पण अकाउंट्सला रायटर म्हणजे डोक्याला ताप, मी सांगणार डेबिट तो लिहिणार क्रेडिट, कॉलम कुठे संपतो ते मला दिसत नाही आणि त्याला कळत नाही, एकदा तर बॅलन्स शीट जुळेना म्हणून शेवटची १५ मिनिटं नुसत्या त्याच्या बेरजा ऐकण्यात गेली. म्हणून आता स्वतःच लिहायचं ठरवलंय. जाड काळं पेन, भिंग आणि टेबल लॅम्प असला की जमतं, वेळ तेवढा लागतो. परीक्षा विभागात विचारायला गेले तर सर म्हणाले रायटर घेत असशील तरच एक्स्ट्रा टाइम, आणि तुला दिसतंय की, एकटीच आलीस ना चालत. पेपर अडीच तासांचा आहे, रायटरवाल्यांना अर्धा तास देतात. कोणाला अनुभव आहे का? फॉर्म भरायची तारीख जवळ आलीये.

भिंगवाला:
मिळतो, आणि अर्धा तास नाही, ५० मिनिटं. केंद्राच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने २९ ऑगस्ट २०१८ ला लेखी परीक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्यात. तासाला किमान २० मिनिटं, आणि रायटर न घेणाऱ्यांसाठी वेगळा मुद्दाच आहे त्यात, तीन तासांच्या पेपरला किमान एक तास. या सूचना ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी आहेत, तुझं ५० आहे म्हणजे प्रश्नच नाही. तो कागद डाउनलोड कर, प्रिंट काढ, तो मुद्दा पेनाने अधोरेखित कर आणि अर्जाला जोड.

तोंडी काहीही बोलू नकोस. मी फर्स्ट इयरला तोंडीच बोललो होतो, सगळे हो हो बघू म्हणाले आणि पेपरच्या दिवशी बेल झाल्याबरोबर सुपरवायझर पेपर ओढायला उभा. अर्ज आवक-जावकला दे, दुसऱ्या कॉपीवर शिक्का मारून घे. त्या शिक्क्याला माणसं घाबरतात, कायद्याला नाही.

अजून एक, मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका पण मागता येते. पण "मोठी करून द्या" एवढंच लिहिलंस तर झेरॉक्सवाल्याकडून ए-थ्री करून आणतात, अक्षर मोठं होतं पण फिकट आणि पसरलेलं, वर तो चादरीएवढा कागद बेंचवर उत्तरपत्रिका आणि लॅम्पसोबत मावत नाही. मूळ फाइलमधून १८ किंवा २० पॉइंटला साध्या ए-फोरवर प्रिंट, असं स्पष्ट लिही.

सरळबोल्या:
वेळ तर मलापण पुरत नाही, मग मलापण द्या ५० मिनिटं 😄

भिंगवाला:
@सरळबोल्या घे की, पण सोबत माझे डोळेपण घे. त्या सूचनांमध्ये त्याला एक्स्ट्रा टाइम नाही, भरपाईचा वेळ म्हणलंय, उगाच नाही.

वर्गावरचे सर:
मी शिकवतो, सुपरव्हिजनही करतो, म्हणून जरा आमच्या बाजूचं. हॉलमध्ये उभ्या असलेल्या माणसाच्या हातात फक्त यादी असते. यादीत तुमच्यापुढे शेरा नसेल तर तो मनाने ५० मिनिटं देऊ शकत नाही, दिली तर त्यालाच नोटीस. त्यामुळे परीक्षा फॉर्ममधला दिव्यांगाचा रकाना भरलाय ना ते आधी बघ बाळ, निम्मी भांडणं तिथेच सुरू होतात. तळमजल्यावर वेगळी खोली माग, नाहीतर तू लिहीत असतानाच पुढच्या सेशनची मुलं दारात गोंधळ घालतात. आणि इंटर्नल विसरू नकोस. तासाभराच्या टेस्टला २० मिनिटं हे कोणाच्या लक्षातच नसतं, खरं सांगायचं तर माझ्याही नव्हतं, दोन वर्षांपूर्वी एका मुलाने येऊन सांगितलं तेव्हा कळलं.

वाकडं अक्षर:
मधेच घुसतोय. मला डिसग्राफिया आहे, म्हणजे हाताने लिहिणंच नीट जमत नाही, सर्टिफिकेट ४० टक्क्यांच्या खालचं. आमच्याकडे म्हणतात ४० नाही तर काहीच नाही.

भिंगवाला:
चूक. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने विकास कुमार विरुद्ध यूपीएससी मध्ये हेच सांगितलं, विकास कुमारला रायटर्स क्रॅम्प होता, म्हणजे लिहिताना हात आखडायचा. ४० ची अट आरक्षणाला, रायटरला नाही. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ ला ४० च्या खालच्यांसाठी, ज्यांना लिहायला अडचण आहे त्यांच्यासाठी, वेगळ्या सूचना आल्या. त्यात एक ठरलेला नमुना आहे, त्यावर सरकारी डॉक्टरांची सही लागते. सिव्हिलला जाताना नमुना स्वतः प्रिंट करून ने, तिथे मिळेल या भरवशावर जाऊ नकोस, चार चकरा होतील.

टीवायवाली:
सगळ्यांना थँक्यू. आज अर्ज दिला, दोन कॉपी. परीक्षा विभागातल्या सरांनी तो अधोरेखित केलेला मुद्दा दोनदा वाचला, मग प्राचार्यांकडे गेले, अर्धा तास मी बाहेर बाकड्यावर. शिक्का मिळाला! ५० मिनिटं लिहून घेतलीत, इंटर्नलची २० पण. नकार आला असता तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे लिहायची तयारी ठेवली होती, ड्राफ्ट फोनमध्ये पडूनच आहे. तळमजल्यावरची खोली पण देतायत, फक्त तिथे प्लग एकच, तोही फळ्याजवळ, तर लॅम्पसाठी एक्स्टेन्शन बोर्ड घरून आण म्हणाले. पाच मीटरचा पुरेल ना?