पृथ्वी आणि चंद्राच्या मधोमध स्थानक बांधलं तर ते तिथं राहील का?

आमोणे_बार्जमास्टर

नमस्कार मंडळी. मी बत्तीस वर्षं बार्जीवर काढली, त्यातली शेवटची अठरा मास्टर म्हणून. आमोण्याच्या जेटीवर खनिज भरायचं, ओहोटी साधून मांडवीतून खाली उतरायचं, आग्वाद ओलांडून मुरगावच्या समुद्रात उभ्या असलेल्या जहाजाला नेऊन द्यायचं. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हापासून घरीच आहे.

नात नववीत आहे, डिचोलीला शाळेत जाते. विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं पृथ्वी आणि चंद्राच्या मधे एक अवकाशस्थानक दाखवलंय. चंद्र 3,84,400 किलोमीटरवर, म्हणून स्थानक 1,92,200 वर. तिचं म्हणणं, तिथं दोन्हीकडची ओढ सारखी, म्हणून ते हलणार नाही.

मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते तिला सांगता येईना. पाण्यात मधेच थांबायचं तर नांगर टाकावा लागतो. नांगर वर आणि इंजिन बंद म्हटलं की पाणी नेईल तिकडे बार्ज जाते. वर तर नांगराला तळच नाही. मग स्थानक नेमकं कुठं ठेवायचं, ते तिथं कशानं राहील, आणि मुळात मधे थांबायचंच कशाला? पोरीला चुकीचं काही शिकवायचं नाहीय, म्हणून विचारतो.

फोंड्याचा_फिजिक्सवाला

काका, तुमची शंका अगदी बरोबर आहे. उच्च माध्यमिकला मी हा धडा दरवर्षी शिकवतो आणि दरवर्षी निम्मा वर्ग तुमच्या नातीसारखंच उत्तर देतो, तेव्हा तिला रागावू नका.

पृथ्वीचं वस्तुमान चंद्राच्या 81 पट आहे. बरोबर मधे, म्हणजे दोघांपासून सारख्या अंतरावर, पृथ्वीची ओढसुद्धा 81 पट. तिथं नुसतं सोडलेलं स्थानक सरळ पृथ्वीकडे पडत येईल. पडू नये म्हणून त्याला पृथ्वीभोवती फिरवावं लागेल, आणि त्या अंतरावर एक फेरी साधारण साडेनऊ-दहा दिवसांत होते. चंद्राला लागतात 27.3 दिवस. म्हणजे स्थानक चंद्राला मागे टाकून पुढे जाणार. पृथ्वी, स्थानक आणि चंद्र एका रेषेत यायचे ते पंधरा दिवसांतून एकदा, तेही क्षणभर. एरवी ते 'मधे' नसतंच.

आता चंद्राच्या पावलाबरोबर पाऊल टाकणारी जागा कुठली? आतल्या कक्षेतली वस्तू जोरात पळते, कारण तिथं पृथ्वीची ओढ जास्त. पण चंद्राच्या पुरेसं जवळ गेलं की चंद्र तिला बाहेरच्या बाजूला खेचतो आणि पृथ्वीची ओढ थोडी कमी करून टाकतो. ओढ कमी, म्हणून वेगही कमी लागतो. एका ठरावीक ठिकाणी हा हिशेब असा जुळतो की ती वस्तूही 27.3 दिवसांतच फेरी मारते. तीच एल-1 ही जागा, पृथ्वीपासून सुमारे 3,26,000 आणि चंद्रापासून 58,000 किलोमीटरवर.

इथं एक गोष्ट नातीला आवर्जून सांगा, कारण छापील पुस्तकांतही ही चूक सापडते. एल-1 वर दोन्ही ओढी सारख्या नसतात. पृथ्वीची ओढ तिथं चंद्राच्या अडीचपट असते. दोन्ही सारख्या होतात ती जागा चंद्रापासून 38,000 किलोमीटरवर आहे, आणि तिथं काहीही टिकत नाही. एल-1 ही थांबण्याची जागा नव्हे, बरोबरीनं फिरण्याची जागा आहे.

आणि नांगराचं म्हणाल तर तो तिथंही नाही. डोंगराच्या धारेवर गोटी ठेवावी तशी ती जागा. थोडं सरकलं की सरकणं वाढतच जातं, दर दीड दिवसाला जवळपास पावणेतीनपट. एक किलोमीटरची चूक दहा दिवस बघितली नाही तर शेकडो किलोमीटरची होते. मात्र लक्ष ठेवून वेळच्या वेळी अगदी हलका धक्का दिला तर इंधन फार लागत नाही. नासाच्या आर्टेमिस मोहिमेतली दोन छोटी यानं 2010-11 मध्ये चंद्राजवळच्या अशा जागांभोवती महिनोन् महिने फिरवली होती.

आपलं आदित्य-एल1 निघालं 2 सप्टेंबर 2023 ला आणि 6 जानेवारी 2024 ला पोचलं, पण तो एल-1 वेगळा, सूर्य आणि पृथ्वीमधला, इथून 15 लाख किलोमीटरवर. नात त्याचा दाखला देणार असेल तर एवढा फरक लिहायला सांगा.

पर्वरीकर_07

तिसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: थांबूच नये. अपोलो-11 16 जुलै 1969 ला निघालं, 20 तारखेला उतरलं. मधे स्थानक नव्हतं. पृथ्वीजवळच्या कक्षेतून एल-1 ला जाऊन थांबायचं आणि तिथून चंद्रावर उतरायचं, तर थेट जाण्यापेक्षा वेगातला एकूण बदल सेकंदाला चार-पाचशे मीटरनं जास्त करावा लागतो. प्रत्येक थांब्याचं इंधन वेगळं, आणि तिथं पोचवलेल्या इंधनाच्या एकेक किलोसाठी खाली त्याच्या कितीतरी पट जाळावं लागतं. एवढ्या पैशात चंद्राच्या जमिनीवर तळ होईल. तिथं माती आहे, ध्रुवाजवळ बर्फ आहे. मधे काय आहे? पोकळी.

मैत्रीत_एक_हिवाळा

मी वास्कोचा. अंटार्क्टिकाला आपल्या मैत्री केंद्रावर जनरेटरच्या कामाला एक पूर्ण हिवाळा होतो, त्या अनुभवावरून थोडं लिहितो.

आपली पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर 1981 मध्ये गोव्यातूनच निघाली. पुढे 1983-84 मध्ये दक्षिण गंगोत्री उभं केलं, पण ते बर्फाच्या थरावर होतं. वर्षागणिक बर्फाखाली जात राहिलं आणि शेवटी सोडावं लागलं. मैत्री मग खडकावर बांधलं. म्हणून सरांनी जागेवर जे लिहिलंय ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

राहायचं म्हणाल तर एक गोष्ट कुणी बोलत नाही. शेवटचं जहाज परत गेलं की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत माणूस येत नाही. त्या दिवशी पोटात जे होतं ते मी विसरलेलो नाही. त्यानंतर प्रत्येक फिल्टर, प्रत्येक पट्टा मोजून वापरायचा. 400 किलोमीटरवरच्या आंतरराष्ट्रीय स्थानकातून काही बिघडलं तर काही तासांत खाली येता येतं. चंद्राजवळून यायला दिवस लागतात. बोललेला शब्द पोचायला सव्वा सेकंद, उत्तर यायला तेवढाच. शिवाय पृथ्वीच्या चुंबकीय कवचाबाहेर असल्यानं सूर्यावर उद्रेक झाला की लोकांना पाण्याच्या आणि सामानाच्या आडोशाला जाऊन बसावं लागेल. नासानं चंद्राजवळचं गेटवे स्थानक आखलं तेव्हा माणसं तिथं बारमाही राहतील असं धरलंच नव्हतं. वर्षातून काही आठवडे माणसं, बाकी वेळ यंत्रं. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो.

आमोणे_बार्जमास्टर

सगळ्यांना देव बरें करूं. दोनदा वाचलं, नातीलाही वाचून दाखवलं.

पर्वरीकर, तुमच्या मुद्द्यावर रात्रभर विचार केला. आमच्याकडेही लोक विचारायचे की बार्ज जपानपर्यंत का नेत नाही, नाहीतर जहाजच आमोण्याला का आणत नाही. जहाज लाख-दीड लाख टनांचं. त्याला जेवढं खोल पाणी लागतं तेवढं मांडवीत नाही. बार्ज दोन हजार टनांची, ती नदीत चालते पण भर समुद्रात टिकणार नाही. म्हणून बंदराबाहेर ट्रान्सशिपर उभा असायचा, क्रेनवाला. आम्ही त्याला लागायचो, तो आमचा माल उचलून जहाजात टाकायचा. माल दोनदा हाताळणं खर्चाचंच असतं, पण तो खर्च परवडायचा, कारण दोन गलबतं दोन वेगळ्या पाण्यांसाठी बांधलेली होती.

मग सर, वरही असंच आहे का? पृथ्वीवरून येणारं यान वेगळं आणि चंद्रावर उतरणारं वेगळं? तसं असेल तर स्थानकाला अर्थ आहे. एकच यान सगळीकडे जात असेल तर पर्वरीकर म्हणतात तेच खरं.

फोंड्याचा_फिजिक्सवाला

काका, तुम्ही गाभ्यालाच हात घातलात. गेटवेची आखणी झाली ती नेमकी याच कारणानं. माणसं नेणाऱ्या ओरायन यानात जेवढं इंधन मावतं, तेवढ्यात चंद्राच्या अगदी जवळच्या कक्षेत शिरून परत निघणं जमत नाही. अपोलोला जमायचं. ओरायनला नदी उथळ पडते म्हणा. म्हणून त्यानं लांब थांबायचं आणि उतरण्याचं काम दुसऱ्या यानानं करायचं.

जागाही एल-1 ची घेतली नाही. चंद्राभोवती एक लांबट कक्षा निवडली. उत्तर ध्रुवावरून सुमारे 1,500 किलोमीटरवर येते, दक्षिणेला 70,000 पर्यंत जाते, फेरी साडेसहा दिवसांची. पृथ्वी तिथून कायम दिसते, आणि वेळ बहुतेक दक्षिण ध्रुवाच्या बाजूला जातो, जिथं उतरायचंय. तिथं टिकायला इंधन फारच थोडं लागतं. रस्ता तपासायला कॅपस्टोन नावाचं 25 किलोचं यान 28 जून 2022 ला न्यूझीलंडहून सोडलं. ते मुद्दाम लांबच्या, कमी इंधनाच्या वाटेनं गेलं आणि 13 नोव्हेंबरला पोचलं.

आपलं भारतीय अंतराळ स्थानक 2035 पर्यंत व्हायचं आहे, पण ते पृथ्वीजवळच, चारशे-साडेचारशे किलोमीटरवर. चंद्रावर माणूस पाठवायचं आपलं लक्ष्य 2040 चं. तेव्हा दोन यानं की एक, हा तुमचा प्रश्न आपल्यालाही सोडवावा लागेल.

आमोणे_बार्जमास्टर

लांबची वाट समजली. पावसाळ्यात आग्वादच्या तोंडावर लाटा फुटायच्या, तेव्हा आम्हीही कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुवारीत उतरायचो. उशीर व्हायचा, पण बार्ज शाबूत पोचायची.

आज संध्याकाळी सोप्यावर सगळं मोजून मांडलं. एक सेंटीमीटर म्हणजे हजार किलोमीटर धरले. पृथ्वी म्हणून सोललेला नारळ, साडेबारा सेंटीमीटरचा. चंद्र म्हणून बागेतली ओली सुपारी, साडेतीनची, पावणेचार मीटर लांब. पोरीला अंतराचा खरा धक्का तेव्हा बसला. आंतरराष्ट्रीय स्थानक नारळापासून चार मिलिमीटरवर येतं, ते दाखवायला टाचणी टोचली. एल-1 सुपारीपासून 58 सेंटीमीटर अलीकडे, तिथं लाल दोरा. आदित्य-एल1 पंधरा मीटरवर, म्हणजे तुळशीच्याही पलीकडे, फणसापाशी. ते शाळेत नेता येणार नाही म्हणून ती फक्त लिहिणार आहे.

गेटवेच्या कक्षेसाठी तिनं तांब्याची तार वाकवलीय. सर, एवढंच सांगा. तारेचं जवळचं टोक सुपारीच्या वर दीड सेंटीमीटर आणि लांबचं खाली सत्तर, बरोबर ना? आणि तार नारळाकडे तोंड करून उभी ठेवायची की आडवी? उद्या सकाळी सातच्या बसनं पेटी न्यायची आहे.

फोंड्याचा_फिजिक्सवाला

बरोबर. वर दीड, खाली सत्तर. तार उभी, आणि नारळाच्या जागेवरून बघितलं तर पूर्ण कडी दिसली पाहिजे. सुपारीनं ती कुठं झाकली जात नसेल तर मांडणी ठीक आहे. खाली सत्तर सेंटीमीटर मोकळे हवेत, म्हणून सुपारी टेबलाच्या कडेला काठी लावून बसवा.