डाळ मिल चालवणाऱ्या शेतकऱ्याला विधानसभा लढवायची आहे: अर्ज भरण्यापूर्वी काय निस्तरावे?

प्रश्न

माझे थोरले बंधू तूर आणि सोयाबीनची शेती करतात, आणि त्याच जोडीला चुलतभावाबरोबर भागीदारीत डाळ मिल व ठिबक संचांची विक्री सांभाळतात. येत्या विधानसभा निवडणुकीत अपक्ष म्हणून उभे राहण्याचा त्यांचा विचार आता जवळपास पक्का झाला आहे. घरातील कोणीही याआधी ग्रामपंचायतीपलीकडची निवडणूक लढवलेली नाही, त्यामुळे ऐकीव माहितीवर पुढे जाण्याची आमची तयारी नाही.

मुख्य काळजी व्यवसायाची आहे. राज्य शासनाच्या एका विभागाच्या वसतिगृहांना डाळ पुरवण्याचा करार मिलच्या नावे चालू आहे, शिवाय आमचे एक गोदाम शासकीय महामंडळाला भाड्याने दिलेले आहे. ठिबक संच घेणाऱ्या शेतकऱ्यांना शासनाचे अनुदान मिळते, तोही व्यवहार शासनाशी असलेला मानला जातो का? यांपैकी कशामुळे अर्ज बाद होऊ शकतो, आणि शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्यामुळे ते प्रतिज्ञापत्रात दाखवावे लागते की नाही, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

पहिला प्रतिसाद

आपल्या तीन व्यवहारांपैकी खरा धोका डाळीच्या करारात आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ९अ प्रमाणे, ज्या व्यक्तीने आपल्या व्यापाराच्या ओघात शासनाला माल पुरवण्याचा किंवा शासनाने हाती घेतलेले काम करून देण्याचा करार केलेला आहे, ती व्यक्ती तो करार अस्तित्वात असेपर्यंत अपात्र ठरते. विधानसभेच्या बाबतीत येथे शासन म्हणजे राज्य शासन. वसतिगृहांना डाळ पुरवणे या व्याख्येत सरळ बसते, आणि भागीदारी संस्थेला भागीदारांहून वेगळे कायदेशीर अस्तित्व नसल्यामुळे ‘करार मिलचा आहे, माझा नाही’ हा बचाव टिकण्याची आशा धरू नये. खासगी मर्यादित कंपनीची गोष्ट वेगळी असते, कारण तेथे करार कंपनी करते.

निर्णायक दिवस मतदानाचा नसून अर्जांच्या छाननीचा असतो. कलम ३६ नुसार उमेदवार त्या दिवशी पात्र आहे की नाही एवढेच निवडणूक निर्णय अधिकारी पाहतात. म्हणून शेवटची डाळ पोहोचवून, विभागाची पोच हातात घेऊन करार छाननीपूर्वी पूर्ण करावा, किंवा विभागाच्या लेखी संमतीने तो संपुष्टात आणावा. केवळ ‘आम्ही पुरवठा थांबवत आहोत’ असे एकतर्फी पत्र देऊन करार संपतोच असे नाही, आणि असे प्रकरण पुढे उच्च न्यायालयात निवडणूक याचिकेच्या रूपाने उभे राहते. मात्र एक दिलासा कलमाच्या स्पष्टीकरणातच दिलेला आहे: आपण आपल्या बाजूने करार पूर्ण केला असेल आणि शासनाकडून फक्त पैसे येणे बाकी असेल, तर तेवढ्यावरून करार चालू आहे असे मानले जात नाही. देयके रखडलेली असतील तरी त्यामुळे उमेदवारी अडत नाही.

गोदामाच्या भाडेकरारात माल पुरवठाही नाही आणि शासनाचे कामही नाही. खाणपट्ट्याबाबत कर्तारसिंग भडाना यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये असाच अर्थ लावला होता की, शासनाशी केलेला प्रत्येक करार कलम ९अ मध्ये येत नाही. ठिबकचे अनुदान शेतकऱ्याच्या खात्यात जमा होते, विक्रेता माल शेतकऱ्याला विकतो, त्यामुळे तेथे मला अडचण दिसत नाही. तरीही तिन्ही व्यवहारांचे मूळ कागद निवडणूक कायदा जाणणाऱ्या वकिलांना दाखवून त्यांचे मत लेखी घ्यावे, कारण कराराचे शीर्षक एक आणि आतील अटी दुसऱ्याच, असे अनेकदा आढळते.

दुसरा प्रतिसाद

मी हिशेबाच्या बाजूने लिहितो. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त आहे याचा अर्थ ते प्रतिज्ञापत्रातून मुक्त आहे, असा नाही. नमुना २६ मध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या याच प्रतिज्ञापत्रात, उमेदवार, पती किंवा पत्नी, अवलंबित आणि अविभक्त हिंदू कुटुंब यांच्या मागील पाच आर्थिक वर्षांच्या विवरणपत्रांतील उत्पन्न तर द्यावे लागतेच, पण उमेदवार आणि त्याच्या जोडीदाराच्या उत्पन्नाचा स्रोतही लिहावा लागतो. तेथे ‘शेती व व्यवसाय’ असे स्पष्ट लिहावे. ज्याच्या मिलची उलाढाल सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे, त्याने केवळ ‘शेती’ एवढेच लिहिले तर विरोधकांना आयताच मुद्दा मिळतो, आणि मतदारांशीही ते प्रामाणिकपणाचे ठरत नाही.

जमिनीच्या रकान्यासाठी लागणारा वेळ बहुतेक जण कमी धरतात. प्रत्येक गट क्रमांक, क्षेत्रफळ, जमीन वडिलोपार्जित की खरेदीची, खरेदीची असल्यास तारीख व किंमत, तिच्या विकासावर केलेला खर्च आणि आजचे अंदाजे बाजारमूल्य, एवढे सगळे मागितलेले असते. वडिलोपार्जित जमिनीची घरात तोंडी वाटणी झालेली आणि सातबाऱ्यावर मात्र सर्व भावांची नावे सामाईक, ही परिस्थिती गावोगाव आहे. आपल्याकडेही तसे असेल तर आपल्या बंधूंचा हिस्सा किती धरायचा, हे आत्ताच ठरवून फेरफाराचे उतारे जमवावेत. मिलमधील भांडवल, भागीदारी संस्थेला दिलेली उचल, पीककर्ज, वस्तू व सेवा कराची किंवा मालमत्ता कराची थकबाकी, वादातील देणी, हे सर्व त्यात येते. शासनाशी आणि सार्वजनिक कंपन्यांशी असलेल्या करारांचा स्वतंत्र भागही आहे. ‘लोकप्रहरी’ प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर तो आला, आणि उमेदवार भागीदार असलेल्या संस्थांचे करारही त्यात लिहावे लागतात. म्हणजे कलम ९अ मध्ये न बसणारा व्यवहारसुद्धा येथे उघड करावा लागू शकतो, म्हणून गोदामाचा भाडेकरार हा भाग भरताना वकिलांसमोर ठेवावा.

एकही रकाना कोरा ठेवू नये. देण्यासारखे काही नसेल तेथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असे लिहावे, कारण सूचना मिळूनही रकाने कोरे ठेवले तर अर्ज फेटाळता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे. खोटी माहिती देणे किंवा ती दडवणे हा कलम १२५अ खालील गुन्हा आहे आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

खर्चाची मर्यादा महाराष्ट्रात २०२२ पासून ४० लाख रुपये आहे. व्यावसायिक उमेदवाराची गफलत अशी होते की, स्वतःची वाहने, स्वतःचे गोदाम, मिलचा जनरेटर वापरला तर खर्च झालाच नाही, असे तो धरून चालतो. प्रत्यक्षात प्रचारासाठी वापरलेल्या अशा गोष्टींचा खर्च जिल्ह्याच्या दरसूचीप्रमाणे आकारून नोंदवहीत धरावा लागतो. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी निवडणुकीसाठी स्वतंत्र बँक खाते उघडावे आणि मिलचे खाते या कामाला अजिबात लावू नये. नोंदी अर्जाच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतच्या असतात, आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे द्यावा लागतो. पराभूत उमेदवार येथेच हात झटकतात, आणि मग तीन वर्षांच्या अपात्रतेची नोटीस येते.

तिसरा प्रतिसाद

कागदांबद्दल वरील दोघांनी उत्तम लिहिले आहे. माझा प्रश्न वेगळा आहे, आणि तो आपल्या बंधूंनी अर्ज भरण्यापूर्वी स्वतःला विचारावा असे मला मनापासून वाटते. तूर पिकवणाऱ्याला भाव चढा हवा असतो आणि डाळ मिलवाल्याला तीच तूर स्वस्त हवी असते. आपले बंधू दोन्हीकडे उभे आहेत. यात गैर काहीच नाही, उलट दोन्ही बाजूंचा हिशेब ज्याने स्वतः मांडला आहे असा माणूस सभागृहात असणे मला मोलाचे वाटते. परंतु बाजार समितीच्या कायद्यात बदल येईल किंवा खरेदी केंद्रांचा प्रश्न निघेल, तेव्हा ते कोणाच्या बाजूने बोलतील, हे मतदाराला प्रचारातच कळायला हवे.

दुसरे म्हणजे, आमदाराच्या हातात जे नाही त्याचे आश्वासन देऊ नये. तुरीचा हमीभाव केंद्र सरकार जाहीर करते, आणि तूर आयातीचे धोरणही केंद्राचेच असते. याउलट शेती, पाणी, जमीन आणि बाजार हे विषय राज्यसूचीत आहेत. १९६३ चा बाजार समिती कायदा विधिमंडळाने केलेला आहे, आणि २०१६ मध्ये फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला तो राज्याच्याच निर्णयाने. खरेदी केंद्र वेळेवर सुरू होणे, गोदामे, कृषिपंपांची वीज, जमीन मोजणीतील विलंब, एवढ्या विषयांवर अभ्यास करून बोलणारा अपक्ष उमेदवार हमीभावाच्या घोषणा देणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक विश्वासार्ह ठरेल.

आणि निवडून आल्यावर डाळीचा तसाच करार पुन्हा करता येणार नाही, हेही भागीदाराशी आजच बोलून घ्यावे. सदस्य असताना असा करार झाला तर कलम ९अ पुन्हा लागू होते, आणि त्यावर राज्यपाल निवडणूक आयोगाचे मत घेऊन निर्णय देतात. मिलचे तेवढे उत्पन्न सोडण्याची चुलतभावाची तयारी नसेल, तर बंधूंनी भागीदारीतून रीतसर बाहेर पडणेच बरे.

प्रश्नकर्ता

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिले याबद्दल मनापासून आभारी आहे. भागीदारीचा मुद्दा आमच्या लक्षातच आला नव्हता, आणि तो चुलतभावासमोर या आठवड्यातच मांडणार आहोत. आणखी दोन शंका आहेत. बंधूंचे सेवा सोसायटीचे पीककर्ज थकीत आहे आणि त्यांना तीन अपत्ये आहेत. या दोन्ही कारणांनी अर्ज बाद होतो, असे गावात सांगितले जाते.

पहिला प्रतिसाद देणारे

हे दोन्ही नियम दुसऱ्या निवडणुकांचे आहेत. दोन अपत्यांची अट महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी आली, तर थकबाकीदाराला सहकारी संस्थांच्या निवडणुकीत अडवले जाते. विधानसभेसाठी यांपैकी काहीही लागू नाही. न्यायालयाने दिवाळखोर घोषित केलेली आणि त्यातून मुक्त न झालेली व्यक्ती अपात्र असते, पण थकीत पीककर्ज म्हणजे दिवाळखोरी नव्हे. ती थकबाकी प्रतिज्ञापत्रात व्याजासह लिहावी, आणि शक्य असल्यास त्याआधी भरून टाकावी.

अपक्षाला त्याच मतदारसंघातील दहा सूचक, म्हणजे अर्जावर त्याचे नाव सुचवणारे मतदार, लागतात, मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराप्रमाणे एकावर भागत नाही. प्रत्येक सूचकाचे नाव, भाग क्रमांक आणि अनुक्रमांक ताज्या मतदार यादीशी स्वतः ताडून पाहावेत. अनामत रक्कम सर्वसाधारण उमेदवाराला १०,००० रुपये आहे. अर्ज सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेतच स्वीकारले जातात, तेव्हा शेवटच्या दिवसाची वाट न पाहता एखादा दिवस आधी जावे, म्हणजे प्रतिज्ञापत्रात काही राहिले असेल तर ते दुरुस्त करून पुन्हा देता येते.